व्यापारवाद दोन ओळींत उरकू नका : इतिहासाची पुस्तके घडवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांसाठी इतिहासाची पुस्तके लिहिणारे, तपासणारे, मंजूर करणारे आणि परीक्षेचे प्रश्न काढणारे सर्वजण,

सप्रेम नमस्कार.

'वसाहतींतून स्वस्तात कच्चा माल न्यायचा आणि तयार माल त्यांनाच विकायचा.' युरोपीय सत्तांचा आपल्या वसाहतींशी व्यापार कसा चालला, या प्रश्नाला मुले पिढ्यान्‌पिढ्या हे एकच उत्तर पाठ करत आली आहेत. त्याच्या आधी व्यापारवादाची व्याख्या येते : देशाची संपत्ती म्हणजे सोने-चांदी, म्हणून निर्यात जास्त आणि आयात कमी. दोन गुण मिळतात आणि धडा पुढे सरकतो. कोलंबसापासून स्वदेशीच्या चळवळीपर्यंतचा चारशे वर्षांचा व्यवहार या दोन ओळींत कोंबलेला असतो.

आम्ही इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवतो. या ओळी खोट्या आहेत असे आमचे म्हणणे नाही. त्या इतक्या ढोबळ आहेत की त्यांच्यावर उभे राहून मुलाला पुढचे काहीच उलगडत नाही. बोस्टनच्या बंदरात चहा का बुडवला, प्लासीनंतर बंगालकडे चांदी येणे का आटले, मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर सरकारने स्वतःच कर का बसवला, यांतला एकही प्रश्न त्या ओळींनी सुटत नाही. म्हणून हे पत्र, आणि ते उघड लिहितो आहोत, कारण हा धडा शिकणारी मुले आणि त्यांचे पालक यांनाही हे वाचण्याचा हक्क आहे.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार : पुस्तकात धोरण आहे, यंत्रणा नाही. व्यापारवाद हा विचार म्हणून कमी आणि जकातनाक्यावरचे नियम म्हणून जास्त जगला. वसाहतीचा माल कोणाच्या जहाजात चढेल, कोणत्या बंदरात उतरेल आणि त्यावर किती जकात पडेल, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत तो सगळा सामावलेला होता. इंग्लंडचे नौकानयन कायदे वाचले की हे स्पष्ट दिसते. १६५१ चा कायदा डचांच्या वाहतुकीवर रोखलेला होता. १६६० च्या कायद्याने चौकट पक्की केली : वसाहतींचा माल इंग्लंडच्या किंवा वसाहतींच्याच जहाजांतून जायचा, कप्तान इंग्रज हवा आणि खलाशांपैकी तीन चतुर्थांश इंग्रज हवेत. इथे वसाहतीतले रहिवासीही इंग्रजच धरले जात, आणि हा बारकावा मोलाचा आहे. त्यामुळे न्यू इंग्लंडच्या गोद्या भरभराटीला आल्या. १७७० च्या दशकापर्यंत ब्रिटिश व्यापारी नौदलातली सुमारे एक तृतीयांश जहाजे अमेरिकेत बांधलेली होती. वसाहत म्हणजे निव्वळ लुटलेला प्रदेश, असे चित्र मनात धरून बसलेल्या मुलाला हा आकडा चकित करतो. चकित झाल्यावरच तो विचारू लागतो की मग अमेरिकेत बंड का झाले.

त्याच कायद्यात 'यादीतला माल' होता : साखर, तंबाखू, कापूस, नीळ, आले आणि रंगाची लाकडे. हा माल इंग्लंडला किंवा इंग्लंडच्याच दुसऱ्या वसाहतीला जायचा, इतर कुठेही नाही. पुढे यादी वाढली आणि तांदूळ, मळी, डांबर, बीव्हरची कातडी तिच्यात आली. नियम पाळला जावा म्हणून माल चढवण्याआधी जहाजाच्या मालकाकडून जामीनकतबा, म्हणजे हमीचा करार, घेतला जाई. जहाज १०० टनांहून लहान असेल तर १,००० पौंड, मोठे असेल तर २,००० पौंड. माल भलत्या बंदरात उतरवला की ही रक्कम बुडाली.

तंबाखूचे एक पिंप या वाटेने नेऊन दाखवा, मुलाला सगळे कळेल. व्हर्जिनियात पीक काढून, वाळवून ते मोठ्या लाकडी पिंपात दाबून भरायचे. १७३० च्या व्हर्जिनियाच्या कायद्यानंतर ते आधी सार्वजनिक वखारीत जाई. तिथला तपासनीस पिंप उघडून बघे, नासका माल जाळून टाके आणि उरलेल्याची पावती देई. नाण्यांची टंचाई असल्याने ती पावतीच हातोहात पैशासारखी फिरे. मग पिंप जहाजात चढे आणि लंडनला किंवा १७०७ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंड एक झाल्यानंतर ग्लासगोला पोहोचे. तिथे जकात भरायची. हा तंबाखू बहुतांश इंग्लंडात ओढला जात नसे. तो पुन्हा जहाजात चढून हॉलंड, फ्रान्स, जर्मन मुलखाकडे निघे आणि त्या वेळी भरलेल्या जकातीचा बहुतेक भाग व्यापाऱ्याला परत मिळे. म्हणजे इंग्लंडच्या पदरात काय पडले? भाडे, वखारभाडे, विमा, दलाली, आणि युरोपातल्या गिऱ्हाइकाकडून आलेला पैसा. मळेवाल्याच्या खात्यावर विक्रीची रक्कम जमा होई, तिच्यातून भाडे, जकात, दलाली वजा होई आणि उरलेल्या पैशांचे कापड, अवजारे, सामान उधारीवर पाठवले जाई. असे वर्षानुवर्षे चालून व्हर्जिनियाचे मळेवाले लंडन-ग्लासगोच्या पेढ्यांचे कर्जदार झाले. कच्चा माल स्वस्तात नेला, एवढ्यावर थांबणाऱ्या ओळीत यातले काहीच नाही. नफा मालाच्या भावात होता, त्याहून जास्त वाटेत होता.

दुसरी बाजूही सांगा. तंबाखूची ही मक्तेदारी टिकावी म्हणून इंग्लंडातल्या शेतकऱ्यांना तंबाखू लावायला बंदी होती. ग्लॉस्टरशरमधल्या विंचकूमच्या परिसरात शेते उद्ध्वस्त करायला शिपाई पाठवावे लागले. राज्यकर्त्या देशातला शेतकरीही या नियमांतून सुटलेला नव्हता.

१६६३ चा कायदा उलट दिशेचा होता. युरोपातून वसाहतीत जाणारा माल आधी इंग्लंडात उतरायचा आणि तिथून पुन्हा चढायचा. बोस्टनच्या दुकानदाराला फ्रेंच कापड हवे असेल तर दोनदा भाडे, दोनदा हमाली, मधल्या दलालाचा वाटा. अपवाद मोजके होते : मासेमारीसाठी लागणारे मीठ, मदेरा आणि अझोर्स या पोर्तुगीज बेटांची वाइन, स्कॉटलंड-आयर्लंडचे घोडे आणि धान्य-सामान. अमेरिकेतल्या श्रीमंत घरांत मदेराची वाइन का रूढ झाली, याचे एक मोठे कारण जकातीच्या या अपवादात आहे. अशा एका तपशिलाने मुलाला कायदा आयुष्यभर लक्षात राहतो.

साखरेचा दाखला तर फळ्यावर मांडता येईल असा आहे. १६७३ च्या कायद्याने एका वसाहतीतून दुसरीत जाणाऱ्या यादीतल्या मालावर कर बसवला. हंड्रेडवेटला, म्हणजे ११२ पौंड वजनाला (सुमारे ५१ किलो), पांढऱ्या साखरेवर ५ शिलिंग आणि तपकिरी कच्च्या साखरेवर दीड शिलिंग. एका शिलिंगचे १२ पेन्स, म्हणजे ६० विरुद्ध १८. शुद्ध करून पाठवलेल्या साखरेवर तिप्पटीहून जास्त बोजा. इंग्लंडातल्या आयात जकातीतही हाच भेद होता. मग बार्बेडोस-जमैकाचा मळेवाला साखर शुद्ध कशाला करील? तो ओलसर तपकिरी साखरच पिंपांत भरून पाठवी आणि शुद्धीकरणाचे कारखाने लंडन-ब्रिस्टलला उभे राहत. 'वसाहतींना कच्चा माल पुरवायला भाग पाडले' असे पुस्तक म्हणते. कसे भाग पाडले, ते या दोन आकड्यांत आहे. तलवार उपसावी लागली नाही, जकातीचा दर पुरला.

आणि त्या मळ्यांत राबणारी माणसे आफ्रिकेतून पकडून, विकत घेऊन आणलेले गुलाम होते. 'कच्चा माल' हा शब्द लिहून पुस्तक पुढे जाते तेव्हा ही माणसे शब्दाआड लपतात. ही आमची दुसरी तक्रार, आणि ती आपल्याशीही जोडलेली आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

उद्योगांवरच्या बंदीचे कायदे थोडक्यात दिले तरी चालतील : १६९९ चा लोकरीचा, १७३२ चा टोप्यांचा, १७५० चा लोखंडाचा. टोप्यांच्या कायद्यानुसार वसाहतीत बनलेली टोपी शेजारच्या वसाहतीतही विकायला नेता येत नव्हती आणि कारागिराला दोनांहून जास्त शिकाऊ उमेदवार ठेवता येत नव्हते. लोखंडाच्या कायद्यात मायेचा हात आणि बंदी एकाच कागदावर आहेत : कच्च्या लोखंडावरची जकात माफ, पण पत्रे ठोकण्याचे, सळया कापण्याचे आणि पोलादाचे नवे कारखाने काढायला मनाई. जहाजांसाठी लागणाऱ्या डांबराला १७०५ पासून टनामागे ४ पौंड बक्षीस मिळे, निळीला १७४८ पासून पौंड वजनामागे ६ पेन्स. हेही लिहा. बंदीबरोबर लालूच होती, म्हणून ही व्यवस्था शंभर वर्षे टिकली.

मळीपाशी मात्र थांबायला हवे, कारण अमेरिकेचे बंड तिथून कळते. मळी म्हणजे साखर काढल्यावर उरलेला काळा पाक. न्यू इंग्लंडमध्ये तिची रम बने. फ्रान्सने आपल्या ब्रँडीवाल्यांना जपण्यासाठी रमची आयात रोखली होती, त्यामुळे कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटांवर मळीला गिऱ्हाईक नव्हते आणि ती स्वस्तात मिळे. तिथल्याच ब्रिटिश बेटांवरच्या मळेवाल्यांनी लंडनमध्ये वजन वापरून १७३३ चा कायदा करवून घेतला : परकी मळीवर गॅलनमागे ६ पेन्स. तो भरला असता तर रमचा धंदाच बसला असता, आणि ब्रिटिश बेटांची मळी मागणीला पुरेशी नव्हती. परिणामी तीस वर्षे चोरटा व्यापार हाच नेहमीचा व्यापार झाला आणि जकातदार डोळेझाक करत राहिले. १७६४ मध्ये दर निम्मा, ३ पेन्स केला, आणि वसाहती पेटल्या. दर कमी झाल्यावर माणसे का चिडतात? कारण आता तो खरोखर वसूल होणार होता. कायद्यानेच सांगितले होते की हेतू महसुलाचा आहे. खटले ज्यूरीविना चालणाऱ्या नौदल न्यायालयात, हॅलिफॅक्सला नेता येणार होते. व्यापाराला वळण लावणारी जकात वसाहतींनी कुरकुरत सोसली होती. आपल्याला न विचारता काढलेला कर त्यांना मान्य नव्हता. हा फरक ज्या मुलाला कळला, त्याला 'प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही' ही घोषणा पाठ करावी लागत नाही.

आता भारत. आमचा सर्वांत तीव्र आक्षेप इथेच आहे, कारण इथे पुस्तकातली ओळ दीडशे वर्षांपुरती सरळ उलटी पडते.

३१ डिसेंबर १६०० च्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीला दर सफरीला ३०,००० पौंडांपर्यंत चांदी देशाबाहेर नेण्याची मुभा दिली. व्यापारवादाच्या व्याख्येशी हे विसंगत वाटते. तसे ते त्या काळच्या इंग्रजांनाही वाटत होते आणि कंपनीवर त्यासाठी सतत टीका होई. कंपनीचे संचालक टॉमस मन यांनी १६२१ मध्ये तिच्या बाजूने युक्तिवाद केला : एकाच देशाशी झालेला हिशेब बघू नका, साऱ्या व्यापाराचा ताळा बघा. भारतात चांदी गेली तरी तिथला माल युरोपात विकून त्याहून जास्त चांदी परत येते. 'व्यापाराचा ताळेबंद' ही व्यापारवादाची मध्यवर्ती कल्पना भारताच्या व्यापारावरच्या भांडणातून अशी घासूनपुसून निघाली. आपल्या पुस्तकांत त्याचा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटते.

चांदी का न्यावी लागे? इंग्रजी लोकरीला इथे मागणी नव्हती. दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या आणि मेक्सिकोच्या खाणींतली चांदी स्पेनमार्गे लंडनला, तिथून सुरतेला येई. सुरतेत स्पॅनिश नाणी तशीच चालत नसत. ती सराफांना विकायची किंवा मोगल टांकसाळीत देऊन रुपये पाडून घ्यायचे, आणि मग कापडासाठी दादन, म्हणजे आगाऊ रक्कम, वाटायची. प्लासीपूर्वीच्या शतकात कंपनीने आशियाला पाठवलेल्या मालाच्या किमतीत दोन तृतीयांशाहून अधिक वाटा चांदीचाच असे. हा देश तेव्हा कोणाची वसाहत नव्हता. तो जगातला मोठा कापड कारखानदार होता आणि आपल्या मालाची किंमत रोख वाजवून घेत होता.

त्याच्याविरुद्ध इंग्लंडने काय केले? १७०० मध्ये पार्लमेंटने भारत, इराण, चीनमधले रेशमी कापड आणि रंगवलेली-छापलेली सुती कापडे इंग्लंडात वापरायला मनाई केली. १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापड जवळजवळ संपूर्ण बंद केले : अंगावर घातले तर ५ पौंड दंड, विकले तर २० पौंड. मलमल आणि निव्वळ निळ्या रंगाचे कापड तेवढे सुटले. फ्रान्सने त्याआधीच, १६८६ पासून, अशी बंदी घातली होती. पण कंपनीचा कापडाचा व्यापार थांबला नाही. बंदी वापरावर होती, पुन्हा बाहेर पाठवण्यावर नव्हती. कापड लंडनच्या वखारीत कुलपात राही, लिलाव होई आणि परदेशी जाई. त्यातला मोठा भाग पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोहोचे आणि तिथे त्याच्या बदल्यात माणसे विकत घेतली जात. गुजरातच्या आणि कोरोमंडलच्या विणकराच्या मागावरचे कापड, आफ्रिकेतला गुलाम, बार्बेडोसची साखर आणि ब्रिस्टलचा शुद्धीकरणाचा कारखाना एकाच साखळीत होते. गुलामांचा उल्लेख टाळू नका असे वर म्हटले ते यासाठी. त्यांना वगळले तर आपला विणकरही त्या साखळीतून गळतो.

उलटापालट झाली ती १७५७ ते १७६५ या आठ वर्षांत. १७१७ च्या फर्मानाने कंपनीला वर्षाला ३,००० रुपये भरून बंगालमध्ये जकातमाफी होती. कंपनीचे नोकर त्याच माफीच्या दस्तकांवर, म्हणजे परवान्यांवर, आपला खासगी माल फुकट नेऊ लागले आणि देशी व्यापारी जकात भरून भरून बुडू लागले. १७६३ मध्ये नवाब मीर कासिमने यावर सरळ उपाय केला : सगळ्यांचीच जकात माफ. कंपनीने युद्ध पुकारले. खुल्या, समान व्यापाराचा हुकूम हेच युद्धाचे निमित्त ठरले, ही गोष्ट प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवी. बक्सारच्या लढाईनंतर ऑगस्ट १७६५ मध्ये कंपनीला दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, मिळाली. बादशहाला सालाना २६ लाख रुपये ठरले, बाकी महसूल कंपनीचा. त्या महसुलातूनच कंपनी बंगालचे कापड आणि रेशीम विकत घेऊ लागली आणि त्याला 'गुंतवणूक' म्हणू लागली. शेतकऱ्याकडून घेतलेला सारा विणकराला किंमत म्हणून द्यायचा आणि माल लंडनला न्यायचा. लंडनहून बंगालला चांदी यायची गरजच संपत गेली. दादाभाई नौरोजींनी पुढे ज्याला संपत्तीचा निचरा म्हटले, त्याचे मूळ रूप हे. १७६७ पासून पार्लमेंटनेही यातून वर्षाला ४ लाख पौंड मागून घेतले.

मग १७७० चा बंगालचा दुष्काळ आला, लष्करी खर्च फुगला आणि १७७२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कडेला पोहोचली. तिच्या गोदामांत सुमारे १ कोटी ७० लाख पौंड वजनाचा चिनी चहा पडून होता. १७७३ मध्ये पार्लमेंटने तिला १४ लाख पौंड कर्ज दिले, रेग्युलेटिंग कायदा करून कारभारावर लगाम घातला आणि चहाच्या कायद्याने तो चहा थेट अमेरिकेत विकण्याची सवलत दिली. चहा स्वस्त झाला, पण पौंड वजनामागे ३ पेन्सचा कर तसाच ठेवला. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या समुद्रात गेल्या. आपल्याकडे रेग्युलेटिंग कायदा 'भारतातील घटनात्मक विकास' या धड्यात असतो आणि बोस्टनचा चहा 'अमेरिकन क्रांती' या धड्यात. एकाच वर्षी, एकाच पार्लमेंटने, एकाच कंपनीसाठी केलेले हे कायदे आहेत. ते वेगवेगळ्या इयत्तांत विखुरल्यामुळे मुलांना त्यांचे नाते कधीच दिसत नाही. ही तिसरी तक्रार.

चौथी तक्रार आपल्या किनाऱ्याची. गोवा १५१० मध्ये पोर्तुगिजांनी घेतले, एवढे पुस्तकात असते. त्यांनी समुद्रावर बसवलेली कार्ताझची पद्धत क्वचितच असते. कार्ताझ म्हणजे परवाना. त्यात जहाजाचा आकार, नाखव्याचे नाव, खलाशी, हत्यारे आणि कुठून कुठे जायचे ते लिहिलेले असे. मिरी-मसाल्यासारखा राखीव माल नेता येत नसे. जाता-येता पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरावी लागे. परवान्याची फी किरकोळ होती, खरा भुर्दंड त्या सक्तीच्या थांब्याचा होता. कार्ताझ नसेल तर जहाज जप्त. आदिलशाहीची आणि मोगलांचीही जहाजे हे परवाने घेत. पुढे कान्होजी आंग्र्यांनी कोकणच्या समुद्रात आपले दस्तक घेतल्याशिवाय जहाज जाऊ देणार नाही असे म्हटले, तेव्हा युरोपीयांनी त्यांना चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, ठरवले. दोन्ही कागद शेजारी ठेवून मुलांना वाचू द्या, चाचा कोण हा प्रश्न ती स्वतः विचारतील.

याहून मोलाचा कागद १६७१ चा आहे. शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला लिहिले की पोर्तुगिजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडते म्हणून घाटावरचे व्यापारी तिकडे वळतील आणि आपली बंदरे पडतील. म्हणून संगमेश्वरच्या मिठाशी भावाचा हिशेब करून बारदेशचे मीठ महाग पडेल इतकी जकात त्यावर बसवा. संरक्षक जकातीचे याहून नेमके उदाहरण सतराव्या शतकातल्या इंग्लंडातूनही शोधावे लागेल. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात साहुकार राज्याची शोभा असे सांगून लगेच टोपीकरांचा, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांचा, अपवाद केला. हे इतर सावकारांसारखे नाहीत, प्रत्येकाच्या मागे त्याचा राजा आहे, त्यांना समुद्रकिनारी जागा देऊ नये, असे त्यांनी लिहून ठेवले. व्यापारी कंपनी आणि राजसत्ता यांची ही सांगड व्यापारवादाचा कणा आहे, आणि ती अठराव्या शतकाच्या आरंभीच मराठीत नोंदवली गेली आहे. व्यापारवादाच्या धड्यात या दोन कागदांना चार ओळी मिळू नयेत?

पाचवी तक्रार कालखंडांच्या सरमिसळीची. १८१३ मध्ये कंपनीची भारताच्या व्यापारातली मक्तेदारी गेली, १८३३ मध्ये चीनची आणि चहाचीही गेली, १८४९ मध्ये नौकानयन कायद्यांचा मुख्य भाग रद्द झाला. त्यानंतरचे धोरण स्वतःला खुला व्यापार म्हणवत होते. कच्चा कापूस बाहेर आणि मँचेस्टरचे कापड आत, हे चित्र या दुसऱ्या काळाचे आहे. तरी जुनी सवय सुटली नव्हती. भारतीय सुती-रेशमी मालावर ब्रिटनमध्ये ७० ते ८० टक्के जकात पडत होती, असे इंग्रज अभ्यासक होरेस विल्सन यांनी नोंदवले आहे, तर ब्रिटिश कापड इथे नाममात्र जकातीवर उतरत होते. मुंबईच्या पहिल्या कापड गिरणीचा पाया १८५४ चा. चाळीस वर्षांनी, १८९६ मध्ये, महसुलासाठी आयात कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवताना इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांचे नुकसान नको म्हणून भारतीय गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर बसवला. तो उठायला १९२५-२६ उजाडले. हा व्यापारवाद होता की खुला व्यापार? वर्गात चांगले भांडण व्हावे असा हा प्रश्न आहे, पण दोन काळ आधी वेगळे केल्याशिवाय तो विचारताच येत नाही. १८४१ मध्ये भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी 'बॉम्बे गॅझेट'ला लिहिलेल्या पत्रांत कंपनीच्या आर्थिक लुटीचा हिशेब मागितला होता. त्यांच्या नंतरच्या पिढ्यांना हा हिशेब मांडता येऊ नये, हे मान्य करणे आम्हाला जड जाते.

आमच्या मागण्या अशा :

१. व्याख्येनंतर लगेच नियमांचे एक पान द्या : कोणाचे जहाज, कोणते बंदर, किती जकात. तंबाखू किंवा साखर, एकाच मालाचा पूर्ण प्रवास, आकड्यांसह.

२. १७६५ आणि १८१३ ही दोन वर्षे ठळक सीमा म्हणून दाखवा. प्लासीपूर्वीच्या भारताला 'कच्चा माल पुरवणारी वसाहत' म्हणणे थांबवा.

३. १७०० व १७२१ चे कापडबंदीचे कायदे, दिवाणी, १७७३ चे कर्ज, रेग्युलेटिंग कायदा आणि बोस्टनचा चहा एकाच धड्यात, सलग मांडा. पाने वाढवायची नसतील तर सनावळ्यांची यादी कमी करा.

४. गुलामांचा व्यापार आणि त्यात वापरलेले भारतीय कापड यांचा स्पष्ट उल्लेख करा.

५. कार्ताझ, आंग्र्यांचे दस्तक, १६७१ चे मिठाचे पत्र आणि आज्ञापत्रातले टोपीकरांचे प्रकरण यांतले उतारे मूळ भाषेत किंवा सोप्या मराठीत, टिपांसह छापा.

६. 'उद्दिष्टे लिहा' हा प्रश्न बंद करा. त्याऐवजी जकातीचा छोटा तक्ता देऊन विचारा : मळेवाला साखर शुद्ध करून पाठवील की कच्ची, आणि का? गुण कारणाला द्या, शब्द जुळण्याला नको.

७. मराठी संज्ञा ठरवून टाका. कुठे व्यापारवाद, कुठे वाणिज्यवाद, जकात परताव्याला तर शब्दच नाही, अशाने शिक्षकही गोंधळतात.

८. शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत जुनी मापे आणि नाणी यांचा तक्ता असू द्या : पौंड, शिलिंग, पेन्स, हंड्रेडवेट, गॅलन. त्याच्याविना वरचा एकही आकडा वर्गात वापरता येणार नाही.

यातल्या कोणत्या मागण्या पुढच्या आवृत्तीत घेणार आणि कोणत्या का घेणार नाही, हे आपण जाहीरपणे सांगावे. नमुना पाठ आणि प्रश्नांचा मसुदा मागितल्यास आम्ही विनामोबदला लिहून देऊ.

आपले,
इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवणारे काहीजण